दिवाळीनंतर रामेश्वर? जरूर, पण जपून!

दिवाळीची सुट्टी लागली, की अनेक मराठी कुटुंबे चेन्नईमार्गे रामेश्वरला निघतात. पण आपला पाऊस सरतो, तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच तिथला खरा पावसाळा. अशा दिवसांत किनाऱ्यावरच्या खोल्यांच्या भाड्यात घासाघीस करता येते. मात्र स्वस्ताईच्या मोहात वादळाचा विसर नको. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळाने याच बेटावरचे धनुष्कोडी उद्ध्वस्त केले. शंभरावर प्रवाशांसह आगगाडी समुद्राने गिळली. ते गाव पूर्वीसारखे पुन्हा वसलेच नाही. डिसेंबर २०१५ मध्ये तर पुरामुळे चेन्नईचा विमानतळही बंद पडला होता.

मग जाऊच नये का? जरूर जावे, पण परतीसाठी दोन दिवस हाताशी राखून आणि हवामान खात्याचा इशारा ऐकून. पांबनचा नवा रेल्वेपूल एप्रिल २०२५ मध्ये सुरू झाला. रामनाथस्वामी मंदिराच्या लांबच लांब दगडी ओवऱ्यांतून भर पावसातही निवांत फिरता येते. धनुष्कोडी मात्र उघाड पाहून, दिवसाउजेडीच गाठावे. लाटा उसळलेल्या दिसल्या, तर मुलांनी कितीही हट्ट केला तरी तो बेत सोडून द्यावा.