नव्या प्रिंटरवर फोटो फिके येतायत? आधी हे बघा

दिघीकरांनो, मॅगझिन चौकात काढलेले माउलींच्या पालखीचे फोटो घरच्या नव्या इंकजेटवर फिके, पट्टे पडलेले येत असतील तर प्रिंटर लगेच परत करू नका. आधी नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं तपासणारी नक्षी, छापून काढा. नक्षीतल्या रेघा तुटक दिसल्या तरच हेड क्लीनिंग करा, कारण त्यात शाई बरीच जाते. रेघा सलग असतील तर दोष बहुतेक वेळा सेटिंगचाच. ट्रेमध्ये ग्लॉसी कागद आणि सेटिंगला ‘प्लेन पेपर’! मग शाईचं गणित चुकतं आणि भगवी पताका मळकट दिसते. कागदाची चकचकीत बाजूच छापली जातेय ना, तेही तपासा. फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला नको, मूळ फाइल घ्या. ४×६ इंचाला १२००×१८०० पिक्सेल असले की उत्तम. आणि पावसाळ्यात कागदाचं पाकीट उघडं टाकू नका, दमट कागदावर शाई नीट वाळत नाही.