नेपाळला निघालात? आधी मतदान कार्ड शोधा

ताईंनो, पशुपतिनाथाला जायचं म्हणून पैसे साठवताय ना? मग एवढं वाचा.

नेपाळ परदेश असला तरी आपल्याला व्हिसा लागत नाही. पण आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका. पासपोर्ट किंवा मूळ मतदान कार्ड जवळ हवं, झेरॉक्स नको. कार्ड माहेरच्या नावाचं असेल तर तिकिटावरही तेच नाव घाला.

स्वस्तात जायचं तर तळेगावहून लोकलने पुणे, तिथून रेल्वेने गोरखपूर, मग बसने सोनौली. सीमेपलीकडे काठमांडूची बस मिळते.

आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०. दुकानदार शाल ८०० ला म्हणाला, तर आधी विचारा, "नेपाळी की भारतीय?" नेपाळी असतील तर आपले ५०० च होतात. न विचारता दिले, तर ३०० गेले! जवळ शंभराच्या नोटा ठेवा.