स्त्रियांचे लैंगिक आरोग्य आणि मोबाईल फोन

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांच्या प्रगतीला किती महत्त्व दिले, हे आपण सर्वजण जाणतो. परंतु लैंगिक आरोग्याच्या प्रश्नावरही ते ठामपणे उभे राहिले, याची चर्चा फारशी होत नाही. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली बाबासाहेबांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. १९३८ साली संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे रोहम यांनी मुंबई विधानसभेत मांडला. तो फेटाळला गेला. शरीराविषयी शंका विचारणे हा गुन्हा नव्हे, हीच त्यामागची भूमिका होती.

आजही आपल्या भगिनी पाळीच्या तक्रारी, अंगावरून पांढरे जाणे, गर्भनिरोधक साधने, गुप्तरोग यांविषयी विचारायला संकोचतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी दोघींनीही गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधी करून घेतलेली नव्हती.

अशा वेळी मोबाईल उपयोगी पडतो. केंद्र सरकारची 'किलकारी' सेवा २०१६ साली सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ ध्वनिमुद्रित संदेश मोफत ऐकवले जातात. बाळंतपण, बाळाची निगा यांबरोबर दोन मुलांतील अंतर व गर्भनिरोधक साधने यांचीही माहिती त्यात असते. संदेश बोलका असल्याने निरक्षर भगिनीलाही तो समजतो व साधा फोनही पुरतो. मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत झालेल्या शास्त्रीय अभ्यासात अशा संदेशांमुळे तात्पुरत्या गर्भनिरोधक साधनांचा वापर थोडा वाढल्याचे दिसले. स्तनपानाच्या बाबतीत मात्र फरक आढळला नाही. म्हणजे फोन हा जादूचा दिवा नव्हे, पण निरुपयोगीही नव्हे.

खरी अडचण वेगळीच आहे. गरोदरपणाच्या नोंदणीत जो नंबर लिहिला जातो, त्याच नंबरावर हे फोन येतात. मी बँकेत काम करतो. खात्याच्या फॉर्मवर नंबर विचारला की पुष्कळ भगिनी नवऱ्याचा किंवा मुलाचा नंबर सांगतात. वरील पाहणीतही स्वतः वापरता येईल असा मोबाईल निम्म्याहून थोड्याच अधिक, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे होता. दवाखान्यातही नवऱ्याचाच नंबर लिहिला, तर तिच्यासाठीचा संदेश कामावर गेलेल्या नवऱ्याच्या खिशात वाजतो आणि तिथेच संपतो. मुंबईतील 'एममित्र' सेवेत फोन कोणत्या वेळी यावा हे स्त्रीलाच निवडता येते, ही व्यवस्था म्हणूनच शहाणपणाची वाटते.

यावर आपण काय करू शकतो? प्रत्येक घरातील स्त्रीचा स्वतःचा नंबर असावा व दवाखान्यात तोच नोंदवावा. तिच्या फोनची झडती घेण्याची सवय पुरुषांनी सोडावी. एच.आय.व्ही. व गुप्तरोगांविषयी १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते, हे विद्यार्थ्यांनी घरोघरी सांगावे. विहारातील महिला मंडळाने आशाताईंना बोलावून महिन्यातून एकदा मोकळी चर्चा ठेवावी. फोनवर खोटी माहितीही भरपूर फिरते. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय स्वीकारू नये, ही तथागतांनी कालामांना दिलेली शिकवण इथेही लागू पडते. त्रास असेल तर फोनवरील सल्ल्यावर न थांबता डॉक्टरांकडे जावे.

१९३८ साली जो विचार सभागृहाने नाकारला, तो आपल्या घरात तरी नाकारला जाऊ नये. त्याची सुरुवात फॉर्मवरील एका रकान्यापासून होऊ शकते. तिथे तिचा नंबर लिहू या.

जय भीम!