आई बाहेर थांबते तेव्हा

सोमवारी सकाळी साडेसहाला पोट दुखतं. मंगळवारी मळमळतं. रविवारी काहीच होत नाही. नववीतल्या मुलाची सोनोग्राफी झाली, रक्त-लघवी तपासून झाली. सगळं नॉर्मल आहे म्हणाले बालरोगतज्ज्ञ, आणि जाता जाता ‘एकदा सायकॉलॉजिस्टना भेटा’ असंही म्हणाले. त्यावर घरात दोन दिवस खल. आजी म्हणते, दृष्ट काढा. बाबा म्हणतात, नाटकं आहेत सगळी. शेवटी आई रजा टाकून त्याला घेऊन येते. हा मुलगा म्हणजे कुणी एक जण नव्हे. किशोरवयीन मुलांबरोबर काम करणाऱ्या थेरपिस्टकडे तो वेगवेगळ्या चेहऱ्यांनी येत असतो. म्हणून त्यालाच धरून हे काम कसं चालतं ते पाहू.

आधी नावांचा घोळ मिटवू. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधं तेच लिहून देतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, गोळ्या देत नाही. समुपदेशक आणि थेरपिस्ट या पाट्या त्या मानाने सैल आहेत. तेव्हा शिक्षण काय, किशोरवयीन मुलांबरोबर किती काम केलंय, हे पहिल्याच फोनवर विचारावं. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

पहिल्या भेटीत दोघंही आत बसतात. आई बोलते, मुलगा बुटांकडे बघतो. पंधरा-वीस मिनिटांनी थेरपिस्ट आईला म्हणते, ‘आता तुम्ही जरा बाहेर थांबाल का?’ पण त्याआधी, आईच्या देखतच, ती मुलाला एक नियम सांगते. तू इथे जे बोलशील ते मी घरी सांगणार नाही. अपवाद तीन. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुझ्यावर लैंगिक अत्याचार करत असेल तर मला बोलावंच लागेल. पण बोलण्याआधी मी तुला सांगेन. तिसऱ्या अपवादामागे कायदा आहे. २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार असा प्रकार कळलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. बाकीचा नियम मात्र आईच्या संमतीवर उभा असतो, कारण अठरा वर्षांखालच्या मुलाच्या उपचाराला पालकांचा होकार लागतो, आणि फीही तेच देतात. म्हणजे त्रास एकाला आणि बिल दुसऱ्याला. या कामातली निम्मी कसरत इथे आहे, असं मला वाटतं. दाराबाहेरच्या बाकावर बसलेल्या आईला ‘काय म्हणाला हो?’ असं विचारावंसं वाटणारच. ते तिने विचारू नये, हे आधीच ठरलेलं बरं.

दार लागल्यावर लगेच काही उलगडत नाही. ‘काही नाही’, ‘माहीत नाही’, ‘ठीक’ एवढ्यावर पहिला तास जातो. प्रश्नांना क्रम असतो. १९८८ साली गोल्डनरिंग आणि कोहेन या अमेरिकन डॉक्टरांनी लोकप्रिय केलेली मांडणी आजही वापरतात. तिची सुरुवात घर, शाळा, मित्र, छंद अशा सोप्या विषयांनी होते. व्यसन, लैंगिकता आणि आत्महत्येचे विचार शेवटी येतात. उंबरठ्यापासून आत जावं, तसं. शेवटचा प्रश्न मात्र आडवळणाने विचारत नाहीत. ‘जगू नये, मरून जावं असं कधी मनात येतं का?’ विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. संशोधन तसं दाखवतं, आणि उलट मुलांना अनेकदा हायसं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर त्या दिवसाचं बाकी सगळं बाजूला राहतं. मन खचायला लागल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा काय करायचं, कोणाला फोन करायचा, हे मुलाबरोबर कागदावर उतरवतात. पालकांना आत बोलावून घरातली औषधं, आणि शेतकऱ्याचं घर असेल तर फवारणीची औषधंही, कुलपात ठेवायला सांगतात. मानसोपचारतज्ज्ञांची वेळही त्याच दिवशी घेतात.

आपल्या मुलाचं उत्तर ‘नाही’ आलं. खरी गोष्ट तिसऱ्या भेटीत बाहेर पडली. आठवीपासून तो सेमी-इंग्रजीत गेला. विज्ञानाच्या तासाला उभं राहून इंग्रजी उतारा वाचताना अडखळला, वर्ग हसला. रात्री त्याच्या फोटोचं स्टिकर वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरलं. घरी सांगण्यासारखं यात काय होतं? काहीच नाही. म्हणून पोट दुखायला लागलं.

ते खरंच दुखतं, हे बाबांना समजावणं सगळ्यात अवघड. भीती वाटली की शरीर पळायची तयारी करतं. रक्त आतड्यांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, पचन बिघडतं, पोटात मुरडा येतो. आजी म्हणते, ‘राहू दे गं आज.’ आठ वाजता शाळेची बस निघून जाते आणि साडेआठला पोट थांबतं. ही सुटकाच पुढच्या दिवशीची भीती वाढवते, कारण न जाण्याने बरं वाटतं, हा धडा शरीर रोज नव्याने गिरवतं.

उपचार याच्या उलट्या दिशेने जातो, पण पायरीपायरीने. मुलगा स्वतः शिडी काढतो आणि प्रत्येक पायरीला शून्य ते शंभर असा भीतीचा आकडा देतो. युनिफॉर्म घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाणं तीस. शाळा सुटल्यावर मैदानात मित्राला भेटणं पंचेचाळीस. लायब्ररीत वर्गशिक्षिकांशी बोलणं साठ, चित्रकलेचा एक तास सत्तर, आणि त्याच विज्ञानाच्या तासाला उभं राहून वाचणं पंचाण्णव. खालून सुरुवात करायची. पायरीवर आकडा साधारण निम्म्यावर येईपर्यंत थांबायचं, मधेच पळून यायचं नाही. भीती वाढते, एका ठिकाणी टेकते आणि मग उतरते. हे सांगून पटत नाही, अनुभवावं लागतं.

शिडीबरोबर डोक्यातल्या वाक्यांचंही काम चालतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेली आणि महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती इथे उपयोगी पडते. घटनेमुळे थेट त्रास होत नाही, मधे आपला हट्ट असतो, असं एलिस यांचं म्हणणं. मराठीत हा हट्ट पकडणं सोपं आहे, कारण तो बहुतेकदा एका ‘च’मध्ये बसलेला असतो. ‘मी चुकताच कामा नये.’ ‘त्यांनी हसायलाच नको होतं.’ मुलगा वहीत आपले ‘च’ शोधतो, खोडतो आणि वाक्य पुन्हा लिहितो. ‘त्यांनी हसायला नको होतं. हसले. वाईट वाटलं.’ वाईट वाटणं राहतं, पण त्या वाटण्यासकट बसमध्ये चढता येतं.

दरम्यान इंग्रजी वाचनात अध्ययन अक्षमता आहे का, हे चाचण्यांनी तपासतात. ती निघाली तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेची सवलत मिळते, आणि शिडीचा अर्धा भार हलका होतो.

आईबाबांचा तास वेगळा. सकाळी वाद घालायचा नाही, एकच वाक्य बोलायचं: ‘पोट दुखतंय, कळतंय, गेटपर्यंत जाऊन येऊ.’ घरी राहिलाच तर शाळेच्या वेळेत मोबाइल नाही, टीव्ही नाही, टोमणेही नाहीत. आजीलाही एकदा बोलावतात, कारण आजी वगळून केलेली योजना आठवडाभरसुद्धा टिकत नाही. शाळेशी बोलायचं तर मुलाला विचारून. स्टिकरचं नाव काढायचं की नाही, हे तो ठरवतो.

हे सगळं खासगी दवाखान्यातच मिळतं असं नाही. २०१४च्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातून सरकारी रुग्णालयांमध्ये किशोरवयीनांसाठी दवाखाने आहेत. महाराष्ट्रात त्यांना ‘मैत्री’ म्हणतात. १४४१६ ही टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेची मोफत हेल्पलाइन रात्रंदिवस चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं. गाडी अडली असेल तेव्हा इथून सुरुवात करायला हरकत नाही.

दहा-बारा भेटींनंतर भेटी पंधरवड्यावर जातात, मग महिन्यावर. शेवटच्या भेटीत थेरपिस्ट कॅलेंडर काढते, कारण अशी मुलं सुट्टीनंतर घसरतात. दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारभोवती मुलगा गोल करतो. रविवारी रात्री काय होईल, कुठली पायरी पुन्हा चढावी लागेल, हे तोच मागच्या पानावर लिहितो. मग आईला आत बोलावतात आणि ते पान तो तिला स्वतः वाचून दाखवतो.