आधी घराला वळण

सिल्वासाच्या परिसरात पावसाळा सुरू झाला की अंगणात चिखल होतो आणि घरात नव्याने आणलेले कुत्र्याचे पिल्लू ओसरीच्या कोपऱ्यातच घाण करू लागते. वडील दरडावतात, आई केरसुणी उगारते, मुले हसतात, आणि आजी जेवताना आपल्या ताटातील भाकरीचा तुकडा हळूच त्याच्यापुढे टाकते. रात्री धाकटा मुलगा त्याला गोधडीत घेतो आणि सकाळी त्याच गोधडीवरून त्याला फटका देऊन हाकलले जाते. पंधरा दिवसांनी निकाल लागतो : "पिल्लू हट्टी आहे. पोत्यात घालून दमणगंगेपलीकडे सोडून यावे."

वाचकहो, हा निकाल न्याय्य आहे काय? चार माणसांनी चार कायदे केले. त्या मुक्या जीवाने त्यांपैकी कोणता पाळावयाचा?

दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार वेळ रोखून धरता येत नाही. तो हट्ट नव्हे, ते वय आहे. यास्तव दिवसा दर एक-दोन तासांनी, तसेच झोपेतून उठताच, खाणे आटोपताच व खेळून झाल्यावर त्याला परसातील एकाच ठरावीक जागी न्यावे. पावसात वळचणीखालची कोरडी जागा निवडावी. प्रत्येक वेळी शब्दही एकच वापरावा. काम उरकताच तेथल्या तेथे शाबासकी द्यावी, भाकरीचा तुकडा द्यावा. घरात परतल्यावर दिलेले बक्षीस कशाबद्दल आहे, हे त्याला उमगत नाही.

हाच नियम शिक्षेचा. तासापूर्वीच्या घाणीत नाक घासल्याने पिल्लू स्वच्छता शिकत नाही. ते माणसाला भिऊ लागते आणि पुढच्या वेळी कणगीमागे लपून तेच करते. घाण करताना दिसले, तर न मारता उचलून बाहेर न्यावे. जागेचा वास मात्र पूर्णपणे घालवावा, कारण वासामुळे ते पुन्हा तेथेच वळते. शेणाने सारवलेली जमीन असेल, तर भिजलेली माती खरवडून काढावी व पुन्हा सारवावे.

आता आजीच्या तुकड्याविषयी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, कधी मिळणाऱ्या व कधी न मिळणाऱ्या बक्षिसाने जडलेली सवय सुटावयास फार कठीण जाते. म्हणजे चार दिवसांतून एकदा दिलेला घास पिल्लाला मागणे सोडावयास नव्हे, तर चिकाटीने मागावयास शिकवितो. म्हणून एका संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून ठरवावे : पिल्लाने कोठे निजावे, केव्हा व कोणाच्या हातून खावे, कोणत्या खोलीत येऊ नये. ठरले ते आजीपासून धाकट्यापर्यंत सर्वांनी पाळावे, पाहुण्यांनाही सांगावे.

यास काही आठवडे, प्रसंगी काही महिने लागतील. वळण लागलेले पिल्लू एकाएकी पुन्हा घरात घाण करू लागले, तर आजाराची शंका घेऊन पशुवैद्यांना दाखवावे. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्यावी व पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने ती वेळोवेळी द्यावी. घरातील मुलांच्या जीविताशी तिचा संबंध आहे.

आणि नदीपलीकडे सोडण्याचे म्हणाल, तर पाळलेला प्राणी उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. कायदा नसता, तरीही आपल्या हाताने बिघडविलेल्या जीवाला आपणच हाकलून देणे शोभत नाही.

शिवाय पिल्लाबरोबर घरातील मुलेही सारे पाहत असतात. आईचे 'नाही' आजीपाशी 'हो' होते, हे त्यांनाही लवकर कळते. पिल्लासाठी घराने एकमताने राखलेला नियम मुलांनाही न सांगता वळण लावून जातो.