पेट्रोलचा ब्लोअर चालू होत नसल्यास

माकुणसार, केळवें, माहीम या समुद्रकांठच्या पट्ट्यांतील वाड्यांत झाडांखालील सुका पाला लोटण्यासाठीं कांहीं बागाईतदार पेट्रोलचा ब्लोअर बाळगतात. पाठीवरचें औषध फवारण्याचें यंत्रही बहुधा त्याच जातीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचें असतें, म्हणून पुढील विवेचन दोहोंसही लागू समजावें. पावसाळाभर माळ्यावर पडलेलें यंत्र आश्विनांत खालीं काढावें, दोरी ओढून दंड भरून यावा आणि तें ढिम्म राहावें, असा अनुभव अनेकांचा आहे. फवारणीचे मोजके दिवस त्यांत निघून गेले तर ती भरपाई कोणताही कारागीर करून देत नाहीं.

प्रथम बटण चालूवर आहे कीं नाहीं तें पाहावें. हें सांगणें हास्यास्पद वाटेल, परंतु दप्तरांत जशी तारीख व सही आधीं पाहावी लागते तसेंच हें आहे. नंतर टाकींतील पेट्रोल पाहावें. आमच्या मतें निम्मे दोष येथेंच सांपडतात.

आजचें पेट्रोल पूर्वीचें राहिलेलें नाहीं. २०२२ सालीं देशांत त्यांतील इथेनॉलचें प्रमाण सरासरी १० टक्क्यांवर गेलें आणि २०२५ सालीं तें २० टक्क्यांपर्यंत पोंचलें. इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलीस तोटा नाहीं. पाणी फार झालें म्हणजे इथेनॉल व पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशीं बसतें. टाकींतील नळीचें तोंडही तळाशींच असतें, त्यामुळें इंजिनाच्या वाट्यास तेंच येतें. शिवाय वंगणाचें तेल वरच्या पेट्रोलांत राहतें. असें इंजिन चुकून चाललेंच, तर तें वंगणावांचून चालतें, हा धोका निराळाच. म्हणून जुनें पेट्रोल ओतून टाकावें व ताजें भरावें. तेलाचें प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेंत पाहावें: ५० ला १ असेल तर एका लिटरास २० मिलि, २५ ला १ असेल तर ४० मिलि. टाकींतील नळीच्या टोंकाची गाळणी काळवंडली असल्यास बदलावी; ती स्वस्त असते.

यावरही यंत्र उठेना, तर स्पार्क प्लग काढावा. तो ओला असेल तर पेट्रोल पोंचतें, पण पेटत नाहीं. कोरडा असेल तर पेट्रोलच पोंचत नाहीं. ओला प्लग पुसून, काजळी घासून, टोंकांमधील अंतर पुस्तिकेप्रमाणें करावें. बहुतेकांत तें ०.५ ते ०.७ मिलिमीटर असतें. इंजिनांत पेट्रोल तुंबलें असल्यास प्लग बाहेर ठेवून, चोक उघडा करून दोरी पांचसात वेळां ओढावी, म्हणजे तें बाहेर पडतें. ठिणगी पाहावयाची असल्यास सांडलेलें पेट्रोल पुसून घ्यावें, विडी व शेगडी दूर ठेवावी, टोपी लावलेला प्लग इंजिनाच्या धातूस टेंकवावा, मात्र प्लगच्या भोंकापासून दूर. आणि मग सांवलींत दोरी ओढावी. या कामीं घाई करणाऱ्यानें तें मुळींच करूं नये. नवा प्लग बसवूनही ठिणगी नसेल, तर कॉइलचा दोष संभवतो व कारागीरच बोलवावा.

हवेची गाळणी धुळीनें भरलेली नसावी. थंड इंजिनास चोक बंद ठेवून दोरी ओढावी व फुरफुर ऐकूं येतांच तो उघडावा. हा क्रम विसरल्यानेंच पेट्रोल तुंबतें. धुराच्या नळीतील बारीक जाळी काजळीनें बुजल्यावरही यंत्र उठत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. आमच्या शेजारच्या वाडींत एका कारागिरानें नवा कार्बुरेटर सांगितला होता, दोष मात्र त्या जाळीचाच निघाला. कार्बुरेटरांतील पातळ पडदा ताठरला असेल तर मात्र तो बदलावाच लागतो.

दोरी ओढतांना हातास कांहींच अटकाव लागत नसेल, तर सिलिंडर झिजला असावा; तेथें घरगुती उपाय नाहीं. पुढल्या पावसाळ्यापूर्वीं टाकी रिकामी करून, उरलेलें पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावें व यंत्र कोरड्या जागीं ठेवावें.