आद्य वैयक्तिक संगणकांवरील खेळ

आद्य वैयक्तिक संगणकांवरील खेळ म्हणजे साधारणतः १९७७ ते १९९० या काळात घरगुती व शालेय वापराच्या लहान संगणकांसाठी तयार झालेले व्हिडिओ गेम होत. या संगणकांची मेमरी अत्यंत तुटपुंजी होती. त्यामुळे थोड्या जागेत खेळ बसवणे हेच खेळकर्त्यांपुढील मुख्य आव्हान असे. भारतात हे खेळ शाळा, घरचे दूरचित्रवाणी संच आणि पुढे संगणक प्रशिक्षण वर्ग यांच्यामार्फत पोहोचले. ज्या कॅसेटी व फ्लॉप्यांवर ते साठवले गेले, त्या आता निकामी होत असल्याने त्यांच्या जतनाचा प्रश्न निर्माण झाला आहे.

पार्श्वभूमी

१९६२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर!’ हा खेळ तयार केला. असा संगणक केवळ संस्थांनाच परवडत असे. १९७७ मध्ये ॲपल २, कमोडोर पेट व टीआरएस-८० हे संगणक बाजारात आले आणि ही स्थिती पालटली. ॲपल २ चे रचनाकार स्टीव्ह वॉझनियॅक यांनी त्यातील रंग व ध्वनीची सोय करताना ‘ब्रेकआउट’ हा चेंडूने विटा फोडण्याचा खेळ डोळ्यांसमोर ठेवला होता. १९८१ मध्ये कार्यालयीन कामासाठी आलेल्या आयबीएम पीसीसोबतही ‘डाँकी’ नावाचा छोटा खेळ मिळत असे. त्याच्या दोन कर्त्यांपैकी एक बिल गेट्स होते.

मेमरीची मर्यादा

१९८१ च्या झेडएक्स८१ या ब्रिटिश संगणकाची मूळ मेमरी १ किलोबाइट, म्हणजे १,०२४ बाइट होती. त्यावर डेव्हिड हॉर्न यांनी बुद्धिबळाचा खेळ केवळ ६७२ बाइटांत बसवला. त्यात किल्लेकोट व प्याद्याची बढती हे नियम वगळावे लागले, तरी संगणक प्रतिस्पर्धी म्हणून खेळत असे. आजच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह साठवण्यास ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने तेवढ्या जागेत देवनागरीची २२४ चिन्हे, म्हणजे एक लहानसा परिच्छेद मावतो.

टंचाईतून काही वेळा नवी कल्पनाही सुचली. जॉर्डन मेकनर यांनी ॲपल २ साठी तयार केलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ (१९८९) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. आपल्या भावाच्या धावण्या-उडी मारण्याचे चित्रण करून मेकनर यांनी त्यावरून नायकाच्या हालचाली रेखाटल्या. या चित्रांनी मेमरी व्यापली आणि नव्या शत्रूच्या चित्रांना जागा उरली नाही. तेव्हा नायकाचीच चित्रे किंचित सरकवून त्यांच्यावर गणिती प्रक्रिया करण्यात आली व त्यातून एक छायापुरुष साकारला. तो आरशातून बाहेर पडतो. त्याला मारल्यास नायकही मरतो. तलवार म्यान केल्यावरच दोघे एकरूप होतात आणि पुढचा मार्ग खुला होतो.

भारतातील प्रसार

१९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला. आरंभी २५० शाळांना बीबीसी मायक्रो संगणक देण्यात आले. याच संगणकासाठी १९८४ मध्ये ब्रिटनमध्ये ‘एलिट’ हा अंतराळ-व्यापाराचा खेळ प्रसिद्ध झाला होता. १९८६ मध्ये डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम+’ भारतात आणली. स्पेक्ट्रम घरच्या दूरचित्रवाणी संचाला व टेपरेकॉर्डरला जोडता येत असे. ४८ किलोबाइटचा खेळ कॅसेटवरून उतरण्यास सुमारे पाच मिनिटे लागत. टेपरेकॉर्डरचा आवाज योग्य पातळीवर नसल्यास सर्व खटाटोप पुन्हा करावा लागे.

१९९० च्या दशकात जिल्ह्याच्या व तालुक्याच्या गावीही खासगी संगणक वर्ग सुरू झाले. तेथील डॉस संगणकांवर ‘प्रिन्स’ आणि ‘डेव्ह’ हे खेळ विद्यार्थ्यांच्या विशेष आवडीचे ठरले. ‘डेव्ह’ म्हणजे जॉन रोमेरो यांचा १० टप्प्यांचा ‘डेंजरस डेव्ह’. तो १९८८ मध्ये ॲपल २ वर व १९९० मध्ये डॉसवर आला. इंटरनेट नसल्याने हे खेळ फ्लॉपीवरून फ्लॉपीवर नकलून घेतले जात. अनेकांचा कळफलकाशी पहिला परिचय अशा खेळांमुळेच झाला. खोका व माहितीपुस्तिका मात्र या नकलांबरोबर येत नसत. त्यामुळे खेळ परिचित होऊनही कर्त्याचे नाव अनेकदा अपरिचित राहिले.

जतनाचा प्रश्न

कॅसेट व फ्लॉपी यांवरील चुंबकीय थर कालांतराने दुबळा होतो. दमट हवा आणि बुरशी यांमुळे ही हानी लवकर होते. २०१२ मध्ये मेकनर यांच्या वडिलांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या मूळ आज्ञावलीच्या फ्लॉप्या जुन्या सामानात सापडल्या. तज्ज्ञांनी त्या वाचल्यावर मेकनर यांनी ती आज्ञावली सर्वांसाठी खुली केली.

जतनात कायद्याचाही अडसर येतो. १९८४ च्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात संगणकीय आज्ञावलींना साहित्यकृतीचा दर्जा मिळाला. त्यामुळे विक्री थांबलेल्या खेळांवरही हक्क कायम राहतात आणि त्यांच्या प्रती वाटण्यास परवानगी लागते. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासानुसार तेथील जुन्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात अधिकृतपणे उपलब्ध नव्हते. ‘इंटरनेट अर्काइव्ह’ने २०१५ मध्ये डॉसवरील सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्ये खेळण्याची सोय केली. असे खेळ एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकाचे कार्य नव्या संगणकावर घडवणाऱ्या आज्ञावलीवर चालतात. परंतु एम्युलेटरला मूळ खेळाची वाचनीय प्रत लागते. म्हणून घरांतील व संस्थांतील जुन्या फ्लॉप्या वाचण्याजोग्या आहेत तोवरच त्यांची नक्कल करून ठेवणे महत्त्वाचे ठरते. वैध प्रतधारकाला हानीपासून संरक्षण म्हणून अशी राखीव प्रत करण्याची मुभा भारतीय कायद्यात आहे.